दोनदा मोडलेला करार आणि न सोडलेली बैठक

नववीच्या वर्गात आशियाचा नकाशा फळ्यावर टांगून आम्ही एकदा मुलांना विचारले, "युद्ध संपते म्हणजे नेमके काय होते?" बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते. एक जिंकतो, दुसरा हरतो. मग आम्ही त्यांना इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची गोष्ट सांगायला घेतली. पहिल्या करारापर्यंत आलो, तोच मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, एवढा मुलूख सोडून सही केली, म्हणजे हरलेच की ते!"

त्याला पुरते उत्तर देण्याआधी तास संपला. पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. कारण तो त्या एका मुलाचा प्रश्न नाही. रात्री जेवताना टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागतात आणि कोणी बोलणी करायची भाषा केली, की घरातलाच कोणीतरी म्हणतो, "नमले शेवटी." लढणारा मर्द आणि बोलणारा दुबळा, असा हिशोब आपण सगळ्यांनीच मनात मांडून ठेवला आहे. इंडोनेशियाची १९४५ ते १९४९ ही चार वर्षे हा हिशोब तपासून पाहायला फार उपयोगी आहेत. तिथे लोक लढलेही आणि बोललेही. दोन करार झाले आणि दोन्ही समोरच्याने मोडले. तरी स्वातंत्र्य मिळाले. ते कसे, हे आज वाचकांपुढे मांडतो.

रमजानातला शुक्रवार

मसाल्याच्या व्यापारासाठी १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच कंपनीने या बेटांवर पाय रोवले आणि पुढे डच सरकारनेच तिथे राज्य केले. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये जपानने डचांचा पराभव करून बेटे ताब्यात घेतली. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली. जुना मालक अजून परतला नव्हता आणि नवा मालक हरला होता. ही संधी दवडू नये, म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी सुकार्नो आणि मोहम्मद हत्ता या ज्येष्ठ नेत्यांमागे अक्षरशः तगादा लावला. इतका, की १६ तारखेच्या पहाटे त्यांना जकार्ताबाहेर एका गावी नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला, शुक्रवार होता आणि रमजानचा महिना चालू होता. सकाळी दहाच्या सुमारास सुकार्नोंच्या घराच्या अंगणात स्वातंत्र्याची घोषणा वाचली गेली. सुकार्नोंना हिवतापाने घेरले होते. लाल-पांढरा झेंडा त्यांच्या पत्नी फातमावती यांनी शिवला होता. घोषणा अवघ्या दोन वाक्यांची होती. पहिल्यात स्वातंत्र्य जाहीर केले होते. सत्तांतराची कामे काळजीपूर्वक आणि लवकरात लवकर पार पाडली जातील, असे दुसऱ्यात म्हटले होते. त्या 'लवकरात लवकर'ला चार वर्षे आणि चार महिने लागले.

स्वातंत्र्याला तिथे 'मर्देका' म्हणतात. हा शब्द मूळचा संस्कृत 'महर्द्धिक'. आणि त्यांच्या संसदेचे नाव आहे 'देवान पेरवाकिलान रायात'. मराठी माणसाने हे नाव जरा कान देऊन ऐकावे. देवान म्हणजे आपला दिवाण, वाकिल म्हणजे वकील आणि रायात म्हणजे रयत. रयतेच्या वकिलांचा दिवाण! फळ्यावर हे शब्द लिहिले तेव्हा मुले हसली, आणि तो दूरचा देश जरा जवळ आला.

सुराबायात मराठी पलटणी

जपानी सैन्याला निःशस्त्र करणे आणि जपानच्या छावण्यांतले कैदी सोडवणे, हे काम दोस्त राष्ट्रांनी ब्रिटिशांकडे दिले. ब्रिटिशांकडे त्या भागात जे सैन्य होते त्यात मोठा भरणा हिंदी सैनिकांचा होता. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी जावा बेटावरच्या सुराबाया बंदरात जी ब्रिगेड उतरली, तिच्यात राजपुताना रायफल्सबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. आपल्याच मुलखातली शेतकऱ्यांची पोरे, ज्यांचा स्वतःचा देश अजून पारतंत्र्यात होता, ती दुसऱ्या एका पारतंत्र्यातल्या लोकांसमोर बंदुका घेऊन उभी राहिली.

सुराबायाच्या लोकांना भीती होती, की ब्रिटिशांच्या आडून डच परत येणार. तीनच दिवस आधी, २२ ऑक्टोबरला, नहदतुल उलेमा या संघटनेचे प्रमुख हाशिम अश्अरी आणि इतर उलेमांनी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी लढणे हे फर्ज असल्याचा ठराव याच शहरात केला होता. २८ ऑक्टोबरला लढाई पेटली. सुकार्नोंनी विमानाने येऊन युद्धविराम घडवला. पण ३० तारखेला गोंधळात ब्रिटिश ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. ब्रिटिशांनी हत्यारे टाकण्याचा निर्वाणीचा इशारा दिला, तो कोणी मानला नाही, आणि १० नोव्हेंबरला जमीन, समुद्र व आकाश अशा तिन्ही बाजूंनी हल्ला सुरू झाला. बांबूचे भाले, तलवारी आणि जपान्यांकडून मिळवलेल्या बंदुका घेऊन लोक सुमारे तीन आठवडे लढले. हजारो माणसे मेली. शहर पडले.

हिंदी सैनिकांपैकी काहींना हे सहन झाले नाही. विशेषतः मुस्लिम सैनिकांपैकी अनेकांनी छावणी सोडली आणि ते इंडोनेशियाच्या लोकांना जाऊन मिळाले. इकडे हिंदुस्थानात नेहरू आणि जिना, ज्यांचे एरवी कोणत्याच गोष्टीवर जमत नव्हते, त्या दोघांनीही हिंदी सैन्याच्या या वापराला विरोध केला.

सुराबायात इंडोनेशिया हरला, असे नकाशा सांगेल. पण ब्रिटिशांना कळून चुकले, की हे जपान्यांनी उभे केलेले बाहुले सरकार नाही, यामागे माणसे आहेत. त्यांनी डचांना सांगायला सुरुवात केली, की या लोकांशी बोला. १० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशियात आजही वीर दिन म्हणून पाळतात.

सही कशासाठी केली?

बोलणी करायला पुढे आले सुतान शाहरीर. नोव्हेंबर १९४५ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचे वय ३६ होते. हॉलंडमध्ये शिकलेले, अंगाने लहानखुरे, आणि डचांनी अनेक वर्षे हद्दपारीत ठेवलेले. त्यांचे म्हणणे साधे होते. आपल्याकडे आरमार नाही, विमाने नाहीत. आपल्याला जबाबदार राष्ट्र म्हणून जगाने ओळखले, तरच आपण टिकू. तरुणांना हे पटत नव्हते. पूर्ण स्वातंत्र्यापेक्षा कमी काहीही नको, असे म्हणणाऱ्या विरोधकांनी १९४६ मध्ये त्यांना काही दिवस पळवूनही नेले होते.

चिरेबोन शहराजवळच्या लिंगारजाती या डोंगरातल्या गावी बोलणी झाली. १५ नोव्हेंबर १९४६ रोजी मसुदा ठरला आणि २५ मार्च १९४७ रोजी सह्या झाल्या. जावा, मादुरा आणि सुमात्रा या तीन बेटांवर प्रजासत्ताकाचा प्रत्यक्ष ताबा आहे, एवढेच डचांनी मान्य केले. बाकी बेटे बाहेर राहिली. पुढे सगळ्यांचे मिळून एक संघराज्य करायचे आणि तेही डच राणीच्या छत्राखालच्या एका संघात ठेवायचे, असे ठरले.

इथेच आमच्या विद्यार्थ्याने हात वर केला होता. त्याचे म्हणणे वरवर खरेच आहे. पण करारात काय गेले, याबरोबर काय आले तेही पाहिले पाहिजे. तोवर डचांचे म्हणणे होते, की इंडोनेशियाचे प्रजासत्ताक नावाची गोष्टच नाही, हे तर आमच्या घरातले बंड आहे. सही केली त्या दिवशी ते प्रजासत्ताक करारातला एक पक्ष झाले. वाद झाला तर लवादापुढे नेण्याचे कलम त्या करारात होते. ज्याच्याबरोबर तुम्ही कागदावर सही केली, त्याला उद्या 'हा कोण, आम्ही ओळखत नाही' असे म्हणता येत नाही. जमिनीच्या वादात सरकारदरबारी नावाची नोंद का महत्त्वाची असते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. लिंगारजातीत मुलूख थोडा मिळाला, पण नोंद झाली.

तांदूळ, वकिलात आणि एक दाढीवाला हाजी

नोंद झाल्यावर साक्षीदार लागतात. इंडोनेशियाने ते फार चतुराईने जोडले. १९४६ मध्ये हिंदुस्थानात अन्नाची टंचाई होती. डच आरमाराने बंदरांची नाकेबंदी केलेली असताना शाहरीर यांनी हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला, आणि बदल्यात कापड व इतर वस्तू मागितल्या. स्वतः गरीब असलेल्या देशाने भुकेल्या शेजाऱ्याला पुढे केलेला हा हात होता. त्यातून जगाला हेही कळले, की हे सरकार पीक गोळा करू शकते आणि व्यापाराचा करार करू शकते.

दुसरा साक्षीदार आला मुंबईमार्गे. अरब लीगने नोव्हेंबर १९४६ मध्ये आपल्या सदस्यांना इंडोनेशियाला मान्यता देण्याची शिफारस केली. हा निरोप घेऊन मार्च १९४७ मध्ये योग्याकार्ताला पोहोचले ते इजिप्तचे मुंबईतले वाणिज्य दूत मुहम्मद अब्दुल मुनइम. नाकेबंदी असताना त्यांनी हा प्रवास केला. योग्याकार्ता ही तेव्हा प्रजासत्ताकाची राजधानी होती, कारण जकार्ता सुरक्षित राहिले नव्हते.

त्यानंतर कैरोला गेले हाजी आगुस सालिम. या माणसाबद्दल थोडे जास्त लिहिण्याचा मोह आवरत नाही. जन्म १८८४, पश्चिम सुमात्रा. तरुणपणी जेद्दाच्या डच वकिलातीत नोकरी केली, तिथे हाजींची कामे पाहिली, आणि मक्केत आपले नातलग व मोठे आलिम अहमद खतीब यांच्याकडे शिक्षण घेतले. अरबी, डच, इंग्रजी, फ्रेंच अशा कितीतरी भाषा त्यांना येत. इतकी विद्वत्ता असूनही ते आयुष्यभर भाड्याच्या साध्या घरांत राहिले. मुलांना त्यांनी वसाहतवादी शाळेत न घालता बहुतेक घरीच शिकवले. त्यांची दाढी बोकडासारखी होती. एकदा सभेत विरोधक 'बें बें' करून त्यांची चेष्टा करू लागले. असे सांगतात, की सालिम शांतपणे म्हणाले, बकऱ्याही भाषण ऐकायला आल्या याचा आनंद आहे, पण त्यांना माणसांची भाषा समजत नसेल, तर त्यांनी तोवर बाहेर जाऊन चरून यावे, त्यांच्याशी आपण त्यांच्या भाषेत नंतर बोलू. रागाला राग न देता समोरच्याला गप्प बसवण्याची ही कला पुढे देशाच्या कामी आली. १० जून १९४७ रोजी कैरोत इजिप्त आणि इंडोनेशिया यांच्यात मैत्री करार झाला.

पहिला करार मोडला

२१ जुलै १९४७ रोजी डच सैन्याने जावा आणि सुमात्रावर हल्ला केला. डचांनी याला 'पोलीस कारवाई' असे नाव दिले. नावामागचा हेतू उघड होता. युद्ध म्हटले की ते दोन देशांत होते, पोलीस कारवाई म्हटली की ती घरातली बाब ठरते. पण लिंगारजातीची नोंद आता आड आली. ३० जुलैला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत नेला. भारत तेव्हा औपचारिकरीत्या स्वतंत्रही झाला नव्हता. १ ऑगस्टला समितीने लढाई थांबवण्याचे आवाहन केले.

शाहरीर यांना जगापुढे बोलायचे होते, पण डच नाकेबंदीतून बाहेर पडायचे कसे? ओडिशाचे बिजू पटनाईक यांनी, जे पुढे तिथले मुख्यमंत्री झाले, आपले डकोटा विमान जीव धोक्यात घालून नेले आणि शाहरीर यांना दिल्लीला आणले. २९ जुलैला पटनाईक यांच्या कंपनीचे दुसरे एक डकोटा औषधे घेऊन योग्याकार्ताला उतरत असताना डच विमानांनी पाडले. पुढे १४ ऑगस्टला, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, शाहरीर सुरक्षा समितीपुढे उभे राहिले आणि त्यांनी आपल्या देशाची बाजू मांडली. त्यांच्याबरोबर आगुस सालिमही होते.

समितीने मध्यस्थी करण्यासाठी तीन देशांचे मंडळ नेमले. डचांनी बेल्जियम निवडला, इंडोनेशियाने ऑस्ट्रेलिया, आणि दोघांनी मिळून अमेरिका.

जहाजावरचा तह आणि एक गाव

दोन्ही पक्षांना मान्य होईल अशी जागा सापडेना, म्हणून जकार्ताच्या बंदरात उभ्या असलेल्या रेनव्हिल या अमेरिकी जहाजावर ८ डिसेंबर १९४७ रोजी बोलणी सुरू झाली.

दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबरला, पश्चिम जावातल्या रावागेडे या गावात डच सैनिक शिरले. ते एका बंडखोर नेत्याला शोधत होते. तो सापडला नाही. गावातल्या पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. गावकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे ४३१ माणसे मारली गेली. डचांचा आकडा १५० च्या आसपासचा होता. दफन करायलाही पुरेसे पुरुष उरले नाहीत, म्हणून बायकांनी कबरी खणल्या. वाटाघाटींचा इतिहास शिकवताना आम्ही या तारखा शेजारी शेजारी लिहितो. टेबलावर चहा येत असतो, तेव्हा बाहेर काय चालू असते, हे मुलांना कळले पाहिजे.

१७ जानेवारी १९४८ रोजी रेनव्हिल करार झाला. तो लिंगारजातीपेक्षाही जड होता. डच सैन्य जिथपर्यंत पुढे गेले होते, जवळपास तिथपर्यंतची रेषा मान्य करावी लागली. त्या रेषेमागे राहिलेल्या हजारो इंडोनेशियन सैनिकांना बायकामुलांसह आपले गाव सोडून पायी मध्य जावात यावे लागले. ज्यांनी सही केली, त्या पंतप्रधान अमीर शरीफुद्दीन यांना काही दिवसांतच राजीनामा द्यावा लागला. आमच्या विद्यार्थ्याने त्या दिवशी विचारले ते तेव्हा तिथल्या रस्त्यांवर हजारो लोक विचारत होते.

पालखीतला मास्तर

१९ डिसेंबर १९४८ रोजी डचांनी दुसरा करारही मोडला. छत्रीधारी सैनिक योग्याकार्ताजवळच्या विमानतळावर उतरले आणि राजधानी एका दिवसात पडली. त्या सकाळी सुकार्नो आणि मंत्र्यांपुढे दोन वाटा होत्या. डोंगरात जाऊन लढायचे, किंवा शहरात राहून अटक होऊ द्यायची. संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ मंडळ जवळच होते. जगाच्या डोळ्यांसमोर राष्ट्राध्यक्षाला पकडले गेले, तर डचांनाच ते महागात पडेल, असा हिशोब त्यांनी केला. सुकार्नो, हत्ता, शाहरीर, सालिम सगळे पकडले गेले आणि हद्दपार झाले. सुमात्रात शफ्रुद्दीन प्रवीरानेगारा यांनी तातडीचे सरकार स्थापन केले, म्हणजे देश बिनसरकारचा राहिला नाही.

सरसेनापती सुदिरमान यांना मात्र अटक होऊन घेणे मंजूर नव्हते. हे सुदिरमान मूळचे शिक्षक. मुहम्मदिया संघटनेच्या शाळेत शिकवणारे. वयाच्या २९ व्या वर्षी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांना आपला प्रमुख निवडले. १९४८ मध्ये त्यांना क्षयाने ग्रासले होते आणि एक फुप्फुस निकामी झाले होते. अशा अवस्थेत ते अंथरुणातून उठले आणि डोंगरात गेले. पुढचे सुमारे सात महिने त्यांचे सैनिक त्यांना खुर्चीच्या पालखीतून खांद्यावर वाहून नेत होते आणि ते गनिमी लढाई चालवत होते. गनिमी कावा काय असतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

१ मार्च १९४९ रोजी या सैन्याने योग्याकार्तावर हल्ला करून शहर सहा तास ताब्यात ठेवले. शहर कायम ठेवता येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. पण इंडोनेशियाचे सैन्य संपले, हा डचांचा दावा त्या सहा तासांनी खोटा ठरवला, आणि ती बातमी रेडिओने बाहेर गेली. इथे लढाई आणि बोलणी एकमेकांना हात देताना दिसतात. डोंगरातल्या माणसाशिवाय टेबलावरच्या माणसाला किंमत नव्हती, आणि टेबलावरच्या माणसाशिवाय डोंगरातल्या माणसाची खबर जगाला नव्हती.

दिल्लीचे चार दिवस

दुसऱ्या हल्ल्याची बातमी येताच भारताने डच विमान कंपनीला आपल्या आकाशातून जायला बंदी केली. पाकिस्तान आणि श्रीलंकेनेही तेच केले. नेहरूंनी २० ते २३ जानेवारी १९४९ या काळात दिल्लीत परिषद बोलावली. इजिप्त, सौदी अरेबिया, इराण, इराक, सीरिया, ब्रह्मदेश, फिलिपाइन्स, ऑस्ट्रेलिया असे पंधरा देश सहभागी झाले आणि आणखी चार देशांचे निरीक्षक आले.

यात पाकिस्तानही होता. काश्मीरमधली लढाई १ जानेवारी १९४९ ला थांबली होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत भारत आणि पाकिस्तान तिसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी एकाच सभागृहात बसले. आपल्या पिढीला हे स्वप्नासारखे वाटेल, पण ते घडले आहे.

परिषदेने मागण्या लिहून सुरक्षा समितीकडे पाठवल्या. पाच दिवसांत, २८ जानेवारीला, समितीने ठराव केला की नेत्यांना सोडा, प्रजासत्ताकाचे सरकार योग्याकार्ताला परत येऊ द्या आणि १ जुलै १९५० पूर्वी सार्वभौमत्व सोपवा. महायुद्धानंतर हॉलंडची उभारणी अमेरिकेच्या मदतीवर चालली होती, आणि आता तिथेही ही मदत बंद करण्याची भाषा होऊ लागली. डचांनी एक लाखाहून जास्त सैनिक इंडोनेशियात उतरवले होते. शहरे त्यांच्याकडे होती, पण त्यांचा शब्द आता कोणाला खरा वाटत नव्हता. दोनदा सही करून दोनदा मोडणाऱ्याच्या बाजूने उभे राहणे त्यांच्या मित्रांनाही कठीण झाले होते. लिंगारजाती आणि रेनव्हिल हे दोन कागद, जे इंडोनेशियाला अपमान वाटत होते, तेच आता डचांविरुद्धचा पुरावा झाले.

७ मे १९४९ रोजी इंडोनेशियाचे मोहम्मद रूम आणि हॉलंडचे व्हॅन रॉयेन यांच्यात समझोता झाला. सुकार्नो ६ जुलैला योग्याकार्ताला परतले. चार दिवसांनी सुदिरमानही आले. त्यांचा या बोलण्यांवर विश्वास नव्हता, ते नाराज होते, अंगात ताकद उरली नव्हती. तरी ते आले आणि सुकार्नोंनी त्यांना मिठी मारली.

मिळाले काय, गेले काय

हेगमध्ये २३ ऑगस्ट ते २ नोव्हेंबर १९४९ गोलमेज परिषद झाली. २७ डिसेंबर १९४९ रोजी ॲमस्टरडॅमच्या राजवाड्यात राणी ज्युलियाना यांनी सार्वभौमत्व सोपवणाऱ्या कागदावर सही केली. समोर हत्ता होते. सुदिरमान त्यानंतर साधारण महिन्याभराने, २९ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी वारले.

या विजयाची किंमतही मुलांना सांगायला हवी, नाहीतर ती गोष्ट अर्धी राहील. चार वर्षांत सुमारे एक लाख इंडोनेशियन माणसे मेली, असे मानले जाते. हेगमध्ये नव्या देशाच्या डोक्यावर ४३० कोटी गिल्डरचे वसाहतीचे कर्ज ठेवण्यात आले. आपल्यावरच झालेल्या हल्ल्यांचा खर्च आपण का फेडायचा, असा वाद इंडोनेशियाच्या प्रतिनिधींनी घातला, तरी एवढा बोजा घ्यावाच लागला. १९५६ मध्ये इंडोनेशियाने हा करार झुगारला. डचांनी लादलेली संघराज्याची रचना तर १७ ऑगस्ट १९५० लाच गेली होती.

आणि एक प्रश्न टेबलावर तसाच राहिला. न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग वर्षभरात ठरवू, असे म्हणून डचांनी आपल्याकडे ठेवला. तो १९६२ च्या न्यूयॉर्क कराराने इंडोनेशियाकडे गेला. पण करार झाला तो डच आणि इंडोनेशिया यांच्यात. तिथल्या पापुआच्या लोकांना त्या खोलीत जागा नव्हती. १९६९ मध्ये त्यांचे मत घ्यायचे ठरले, तेव्हा सुमारे एक हजार निवडक माणसांकडून होकार घेण्यात आला. ज्यांनी 'आमच्याशी बोला' म्हणून चार वर्षे रक्त सांडले, त्यांनीच दुसऱ्यांना बोलू दिले नाही. तिथले दुखणे आजही संपलेले नाही.

रावागेडेच्या विधवांनी मात्र बैठक सोडली नाही. म्हातारपणी त्यांनी हेगच्या न्यायालयात दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयाने डच सरकारला जबाबदार धरले. त्याच वर्षी सरकारने गावात येऊन माफी मागितली. इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन १७ ऑगस्ट १९४५ हाच आहे, हे डच पंतप्रधानांनी विनाअट मान्य केले ते २०२३ मध्ये. रमजानातल्या त्या शुक्रवारपासून ७८ वर्षांनी.

पुढच्या तासाला आम्ही त्या मुलाला उत्तर दिले. सही करणारा हरला की जिंकला, हे सहीच्या दिवशी कळत नाही. सहीनंतर तो काय करतो, कोणाला साक्षीला बोलावतो, शब्द मोडला तर परत उभा राहतो का, यावर ते ठरते. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आणि सर, त्या खोलीत कोणाला घेतलं नाही, तेपण बघायला पाहिजे ना?"

आम्ही फळ्यावर लिहिलेल्या तारखांखाली त्याचे वाक्य लिहून घेतले.